मी इंजेक्शन नको म्हटलं

मेंदूच्या ऱ्हासावर आपल्याकडे कोणी औषध का काढत नाही, हा प्रश्न मी बरीच वर्षं तावातावाने विचारत आले. बेंगळुरूच्या महाराष्ट्र मंडळात चहाच्या वेळी बोलणं विस्मरणाच्या आजारावर आलं की माझा ठेका ठरलेला असे. लक्ष्य माहीत आहे, अँटिबॉडी बनवता येते, कारखाने याच शहरात आहेत. मग अडलंय कुठे? आता मी असं बोलत नाही. माझं मत पार बदललं आहे. ते कसं बदललं हे सांगायचं तर आधी तो तोरा आला कुठून, तेही सांगायला हवं.

माझी उमेदीची वर्षं कर्करोगावरच्या अँटिबॉडींमध्ये गेली. शिक्षणाने मी रेणवीय जीवशास्त्रातली, पोटापाण्याने सेल कल्चरवाली. हूडमध्ये हात घालून तासन्‌तास बसायचं, फ्लास्कमधला गुलाबी मीडिया बदलायचा, पेशी मेल्या की कंटॅमिनेशन कुणाच्या हातून आलं म्हणून एकमेकींकडे बघायचं, असा तो दिनक्रम. पण एलायझाचा दिवस वेगळा. ९६ वेलची ती प्लॅस्टिकची प्लेट तळहातावर मावते. शेवटचं रसायन घातलं की काही वेलमध्ये निळा रंग चढू लागतो. मग आम्लाचा थेंब टाकला की निळ्याचा लख्ख पिवळा होतो. अँटिबॉडीला तिचं लक्ष्य सापडलं तिथे गडद पिवळं, नाही सापडलं तिथे नुसतं पाणी. इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालं नाही. संसारात तर नाहीच. अशी उत्तरं रोज बघणाऱ्या माणसाला जग सोपं वाटू लागतं.

त्या सोपेपणाला इतिहासाचंही पाठबळ होतं. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर केला. हवी ती एकच अँटिबॉडी अखंड देत राहणारी पेशी हाती आली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. १९९७ साली रिटक्सिमॅब आलं, १९९८ साली ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णाच्या गाठीत हर-टू नावाचं प्रथिन पेशीच्या अंगावर दाटीवाटीने उगवलेलं असतं. हा कर्करोग पूर्वी वाईटांतला वाईट गणला जाई. ट्रास्टुझुमॅब नेमकं त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि ज्या निदानाने घर हादरायचं त्याच निदानावर डॉक्टर आता ‘यावर औषध आहे’ असं सांगू लागले.

बेंगळुरू यात मागे नव्हतं. क्यूबात जन्मलेली निमोटुझुमॅब ही अँटिबॉडी डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी बायोकॉनने २००६ साली भारतात आणली. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात तिची गरज वेगळी सांगायला नको. २०१४ साली त्यांनी ट्रास्टुझुमॅबचं इथलं रूप बाजारात आणलं आणि २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यालाच तिथलं पहिलं पर्यायी ट्रास्टुझुमॅब म्हणून मान्यता दिली. मी त्या कंपनीत कधीच नव्हते, पण त्या दिवशी आमच्याही कँटीनमध्ये पेढे वाटले गेले.

आणि माझ्या या तोऱ्यात गुंजेचाही वाटा होता. सोनाराच्या तराजूतली ती लाल-काळी बी माझ्या आजीच्या डब्यात असायची. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे तिने मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. तीच गुंज मला पुढे प्रयोगशाळेत भेटली. अख्खी गिळली तर तिच्या टणक सालीमुळे बहुतेक वेळा काही होत नाही, कुटली की मात्र तिच्यातलं अब्रिन हे विष मोकळं होतं. इंग्रजी अमदानीत कातड्याच्या लोभाने गुरं मारणारे लोक गुंजेच्या लगद्याच्या सुया करून जनावराला टोचत, अशा नोंदी न्यायवैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत आहेत. अब्रिनचे दोन भाग: एक पेशीला धरणारा, दुसरा आत शिरून रायबोसोम, म्हणजे पेशीचा प्रथिनं विणणारा माग, कायमचा बंद पाडणारा. पाउल एर्लिकने १८९१ साली बर्लिनमध्ये उंदरांना हेच विष कणाकणाने खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तात फक्त त्याच विषाला उतारा ठरणारा पदार्थ तयार होतो हे दाखवून दिलं. अँटिबॉडीच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या प्रयोगांत आपली गुंज होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

जवळजवळ सव्वाशे वर्षांनी भारतीय विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात डॉ. अंजली कारंडे यांच्या प्रयोगशाळेने तोच धागा पुन्हा उचलला. अब्रिन निष्प्रभ करणारी अँटिबॉडी त्यांनी २००८ च्या सुमारास प्रसिद्ध केली. तिने उंदरांना विषापासून वाचवलं. मग उलटा डाव. अब्रिनचा धरणारा भाग काढून टाकायचा, त्याच्या जागी कर्कपेशी ओळखणारी अँटिबॉडी जोडायची आणि विष फक्त तिथेच नेऊन सोडायचं. त्यांचा यावरचा निबंध २०१३ चा आहे. त्यातून दुकानात मिळणारं औषध आलेलं नाही, पण वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. विषालासुद्धा पत्ता देता येतो!

एवढं सगळं पाठीशी असताना मेंदूच्या आजाराबद्दल माझं मत काय असणार? पत्ता शोधा, अँटिबॉडी पाठवा.

त्याच काळात विज्ञान संस्थेच्या आवारात सेंटर फॉर ब्रेन रिसर्च उभं राहत होतं. क्रिस आणि सुधा गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने त्यासाठी २२५ कोटी रुपये देऊ केले होते आणि डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ ते चालवत होत्या. एवढ्या पैशात औषध निघेल अशी माझी अटकळ. प्रत्यक्षात त्यांनी काय हाती घेतलं? कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात जायचं, पंचेचाळिशी ओलांडलेल्या दहा हजार धडधाकट माणसांची नोंद करायची, त्यांची स्मरणशक्ती, रक्त, मेंदूचं चित्र, जनुकं तपासायची आणि वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासत राहायची. श्रीनिवासपूर म्हणजे आंब्याचा तालुका. मी आमच्या गटात म्हटलं होतं, “कोटी खर्चून आंबेवाल्यांची शिरगणती चालली आहे.” हशा पिकला होता. मला वाटतं, त्या हशात माझ्या व्यवसायाचा सगळा अहंकार होता: आम्ही औषध करणारे, ते फॉर्म भरणारे.

माझ्या मताला पहिला तडा एका जुन्याच कथेने गेला. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, आणि तेच आजाराचं मूळ, हा सिद्धान्त १९९२ साली मांडला गेला. १९९९ साली उंदरांना अमायलॉइडचीच लस टोचली तेव्हा थर विरघळले. माणसांवर प्रयोग सुरू झाला तो २००२ साली थांबवावा लागला, कारण लस घेतलेल्या सुमारे ३०० जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला सूज आली. इथवर मला माहीत होतं. औषधाच्या धंद्यात असे अपघात होतात, असं म्हणून मी ते मागे टाकलं होतं. जे मी नीट वाचलेलं नव्हतं ते २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. लस घेतलेल्यांपैकी काही जण पुढे वारले, त्यांचे मेंदू तपासले गेले. काहींच्या मेंदूतून अमायलॉइड जवळजवळ साफ झालं होतं. तरीही ती माणसं मरण्याआधी पूर्ण स्मृतिभ्रंशात गेली होती.

हे वाचून मी बराच वेळ कागद खाली ठेवला नाही. माझ्या प्लेटवरची सगळी वेल पिवळी, आणि रुग्ण मात्र तसाच. नेम चुकला असता तर दुसरा नेम धरता आला असता. इथे नेम बरोबर लागला होता.

त्यानंतर मी हिशेब करायला बसले. शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीपैकी मेंदूत पोचते साधारण हजारातला एक भाग. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत एवढ्या मोठ्या रेणूला सहसा आत घेतच नाही. पाटाने सोडलेलं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जाता जाता ओल तेवढी उरते, तसा हा प्रकार. गाठीभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं असतं म्हणून कर्करोगात जे सहज साधतं, ते इथे मुळातच अवघड. शिवाय कर्करोगात आम्हाला पेशी मारायची असते. मेंदूत पेशी आधीच मरत असते आणि तिच्या जागी दुसरी येत नाही. एकीकडे विभाजन थांबत नाही म्हणून आजार, दुसरीकडे पेशी टिकत नाही म्हणून आजार. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २०१२ साली दिसलं की कर्करोगातून वाचलेल्यांना अल्झायमर होण्याचा धोका ३३ टक्क्यांनी कमी असतो. कारणाबद्दल वाद आहे. कर्करोगाने माणूस आधी जातो म्हणून हे आकडे असे दिसतात, असंही काही जण म्हणतात. पण एकाचं शस्त्र दुसऱ्यावर जसंच्या तसं चालेल हे गृहीत धरायला तिथे जागा नाही, एवढं मला पटलं.

होसूर रोडच्या बाजूला निमहान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था आणि किडवाई कर्करोग संस्था जवळजवळ शेजारी आहेत. किडवाईत कामासाठी माझं जाणं-येणं होतं. निमहान्सचं फाटक मी नुसतंच पाहत असे. एका सुट्टीत भाचीला घेऊन तिथल्या मेंदूच्या संग्रहालयात गेले. तिथे खरा मेंदू हातात धरायला देतात. हातमोजे घालून मी तो घेतला. सव्वा-दीड किलो वजन, फॉर्मलीनमुळे घट्ट झालेला, वळ्यांच्या फटीत बोट जाईना. शेजारच्या बरणीत अल्झायमर झालेल्या माणसाचा मेंदू होता. त्याच्या वळ्यांमधल्या फटी रुंद झालेल्या, मधल्या पोकळ्या मोठ्या. भाचीने विचारलं, “मामी, यात औषध कुठे घालणार?” ती दहावीत होती. मला उत्तर आलं नाही. निमहान्समध्ये १९९५ पासून मेंदूंचं संकलन चालू आहे. आपल्या माणसांचे मेंदू आजारात नेमके कसे बदलतात, हे सांगू शकणारी अशी ठिकाणं देशात फार थोडी आहेत. ‘साठवणूक’ म्हणून मी त्याकडेही दुर्लक्ष केलं होतं.

मग प्रश्न माझ्याच घरात आला. सासूबाई मूळच्या बेळगावच्या, हिशेबाला पक्क्या. त्या आधी भाजीवाल्याला दोनदा पैसे देऊ लागल्या, मग दुपारचं जेवण झालं की नाही यावर वाद घालू लागल्या. २०२३ च्या जुलैत अमेरिकेने लेकानेमॅब या अमायलॉइडवरच्या अँटिबॉडीला पूर्ण मान्यता दिली आणि न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. “मामी, आजीला ते नवीन इंजेक्शन मिळवून देऊ या. खर्च मी करतो. तुम्ही तर याच क्षेत्रातल्या, तुम्हाला वेगळं काय सांगू?” घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही वर्षांपूर्वी मीच धावले असते.

मी त्या चाचणीचे आकडे काढून बसले. १,७९५ माणसं, १८ महिने. आजार मोजायची पट्टी ० ते १८ गुणांची. गुण जितके जास्त तितका आजार पुढे. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ ने वाढले, प्लासिबो घेणाऱ्यांचे १.६६ ने. फरक ०.४५. बातम्यांत हाच फरक ‘२७ टक्के’ म्हणून आला, आणि तो हिशेब चुकीचा नाही. पण १८ गुणांच्या पट्टीवर अर्ध्याहून कमी गुण म्हणजे घरात बसलेल्या माणसाला काय दिसणार, हे मी स्वतःला विचारलं. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली. तेव्हा ते दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, मधूनमधून एमआरआय, अमेरिकेत वर्षाला २६,५०० डॉलर. औषध आहे ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी. सासूबाई तो टप्पा ओलांडून गेल्या होत्या, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. अशा रुग्णांना हे इंजेक्शन देऊ नये असं तज्ज्ञांचंच सांगणं आहे.

मी नको म्हटलं. भाच्याला राग आला, “तुम्ही स्वतः हेच बनवता ना?” असंही तो बोलला. नणंदेला वाटलं मला खर्चाची काळजी. त्या दिवसांत मला घरात जेवढं एकटं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं, आणि त्यांना दोषही देता येत नव्हता. लक्ष्य-अँटिबॉडी-औषध ही साखळी त्यांच्या डोक्यात घातली होती ती मीच, सणावारांना ताटांभोवती बसून.

सासूबाईंना शेवटी जे मिळालं ते साधं होतं. डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. दोन्ही कानांनी त्यांना बरंच कमी ऐकू येत होतं, आणि आम्ही सगळे “त्या लक्षच देत नाहीत” म्हणत होतो. श्रवणयंत्र लावायला त्यांनी महिनाभर नकार दिला. “अगं, लोक म्हणतील म्हातारी झाले,” वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी! यंत्राने आजार गेला नाही, तो पुढेच सरकला. पण टीव्हीवरच्या कीर्तनाला त्या पुन्हा मान डोलावू लागल्या आणि संध्याकाळची भांडणं कमी झाली. हे काही संशोधन नव्हे, ठाऊक आहे मला.

संशोधन वेगळीकडे आहे, आणि ते मी उशिरा वाचलं. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली १४ कारणं सांगितली आहेत: कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, न सुधारलेली नजर, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण वगैरे. ती सगळी दूर करता आली तर जगातले ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. कानांवरची अमेरिकेतली एक मोठी चाचणी २०२३ ची. सरसकट सगळ्यांत फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. हा आकडा लेकानेमॅबच्या २७ शेजारी मांडणं शास्त्राला धरून नाही. पट्टी वेगळी, माणसं वेगळी. तरी मोह होतो.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे असा राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. स्त्रियांत प्रमाण जास्त. यातल्या कितींना अल्झायमर आणि कितींना मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे? कधी शाळेत न गेलेल्या बाईची स्मरणशक्ती कोणत्या प्रश्नांनी मोजायची? युरोपात धोक्याचं ठरलेलं एखादं जनुक आपल्याकडे तेवढंच घातक आहे का? दहा हजार भारतीयांची जनुकं वाचणारा जिनोमइंडिया प्रकल्पही याच सेंटर फॉर ब्रेन रिसर्चमधून चालवला गेला, तो याचसाठी. आणि धडधाकट माणूस आजारी पडायच्या आधी वीस वर्षं त्याच्या शरीरात काय घडतं, हे कळायला एकच मार्ग आहे: तो धडधाकट असतानाच त्याच्याकडे जायचं. श्रीनिवासपुरात जाणाऱ्या त्या फॉर्मवाल्या मुली नेमकं हेच करत होत्या. माझ्या आवडत्या पिवळ्या वेलमध्ये काय घालायचं, हे ठरण्याआधीचं काम ते. ते झालेलं नसताना मी औषध मागत होते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते. २०१२ साली डॉ. रवींद्रनाथ यांच्याच गटाने अश्वगंधेच्या अर्काने उंदरांतला अमायलॉइड कमी होतो आणि ते काम मेंदूत नव्हे, यकृतात घडतं, असं दाखवलं. निबंध फार देखणा आहे. तेव्हापासून आमच्या सोसायटीत निम्मे ज्येष्ठ अश्वगंधा खातात. उंदरांना बरं करणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. माणसांना बरं करणाऱ्यांची नाही. वाचायचं ते शेवटपर्यंत वाचा.

मी अँटिबॉडीच्या विरोधात गेलेली नाही. ती बनवताना हातात जे कसब आलं त्याचा मला अभिमान आहे. भिंत ओलांडायला मदत करणारं प्रथिन अँटिबॉडीला जोडून ती मेंदूत जास्त पोचवायचे प्रयत्न चालू आहेत. ट्रॉन्टिनेमॅब हे त्यातलं एक नाव, आणि त्याचे निकाल मी उत्सुकतेने वाचते. उद्या असं औषध योग्य माणसाला, योग्य वेळी द्यायचं तर ती वेळ कोणती, हे आधी कळायला हवं. ते श्रीनिवासपुरातून कळेल, माझ्या प्लेटवरून नाही. संशोधनाला पैसे द्यायचे असतील आणि कोणी मला विचारलंच, तर आज मी पहिला रुपया तिकडे द्यायला सांगेन.

आणि तुमच्या घरात पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेलं कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर या महिन्यात त्यांची ऑडिओमेट्री करून घ्या आणि जाताना रक्तदाबही मोजा. सरकारी रुग्णालयातही होतं, फार वेळ लागत नाही.